वाघिणीचा टाक, कैसराचं नाणं

कैसराचं नाणं बघायला कुणी राजूरच्या डोंगरात जातं का? मी गेले. भिंगारच्या आमच्या चर्चमध्ये लहानपणी रोमच्या सम्राटाच्या, कैसराच्या गोष्टी ऐकल्या, तेव्हापासून त्याचं नाणं एकदा तळहातावर घ्यायचं, हा माझा खुळा नाद. माझ्यासोबत शाळेत शिकवणाऱ्या मंदानं मोबाईलवर तिच्या काकीच्या देव्हाऱ्यातला वाघिणीचा टाक दाखवला नि माझी झोपच उडाली. टाक म्हणजे देवाची धातूची छोटी प्रतिमा. पण हे तर रोमचं ब्राँझचं नाणं! झिजलं म्हणून काकी ते वाघबारशीआधी, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर वाघाला पुजायच्या सणाआधी, सोनाराकडं आटवायला देणार होत्या. मग काय, शनिवारी मंदा नि मी निघालोच.

नगरहून संगमनेरची पहिली एसटी धरा, पुढं अकोले, मग राजूर. लोणीपर्यंत हाडं खिळखिळी होतात. अकोल्यानंतर मात्र पिवळी भातखाचरं आणि डोंगरावर टेकलेले ढग बघत मी कुठल्या काळात आहे तेच विसरले. याच घाटांतून कुणा व्यापाऱ्याच्या बैलाच्या पाठीवर ते नाणं आलं असेल? राजूरला पेढे घ्या. काकींच्या गावाला जाणारी जीप भरल्याशिवाय हलत नाही, तोवर संपतात.

काकींनी नागलीची भाकरी वाढली, मग टाक हातावर ठेवला. अंगठ्याच्या नखाएवढा, चिंचेनं घासून गुळगुळीत. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई, दुसऱ्या बाजूला मान वळवून बघणारं जनावर, पोटाखाली दोन पोरं. डोळे भरून आले माझे.

न राहवून बोलले, ही वाघीण नाही, रोमची लांडगी आहे, आटवू नका. वाटलं, वाचलं नाणं. झालं भलतंच. काकींचा चेहरा उतरला.

"मंग परका देव पुजला व्हय आमी? नदीत सोडावा लागंल."

कुठून तोंड उघडलं असं झालं. घाईघाईनं गोष्ट सांगितली : नदीकाठी टाकलेली दोन पोरं, लांडगीनं दूध पाजून जगवलेली. मंदा मान खाली घालून बसली. आई गेल्यावर तिला नि तिच्या भावाला याच काकींनी वाढवलं, हे बोलण्याच्या भरात मी विसरलेच होते.

"तिची सोताची न्हवती ती पोरं?" काकींनी विचारलं.

"नव्हती."

"मंग ऱ्हाऊ दे घरात. आपलीच हाय ती."

घरी आले तरी बोटांना चिंचेचा वास होता. फोटो काढायचं राहूनच गेलं, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. डोळे मिटले की ती वळलेली मान दिसते.

वाघबारशीला मंदाचा फोन आला. दरवर्षी टाकापुढं दुधाचा एक द्रोण असतो, यंदा काकींनी तीन ठेवले. बाकीचे दोन कुणाचे, असं मंदानं विचारलं. काकी म्हणाल्या, "एक तुजा, एक तुज्या भावाचा."