बारावा निळा

शंकरप्पा सोलापुरी चादरीची नक्षी काढतात. चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत जायचं. मागावर तेच चौकोन धागे होऊन उतरतात. बत्तीस वर्षं मोर, कमळं, देवळं त्यांच्या हातून अशीच उतरली.

बायको नागम्मा भावाच्या वास्तुशांतीला अक्कलकोटला निघाली, तेव्हा ते एका मोराची शेपटी पुरी करत बसले होते. ती एकटीच गेली, आणि तिथंच राहिली. सतरा दिवस झाले. अशी रुसून राहिलेली बाई न्यायला गेल्याशिवाय माहेरून परतत नाही, हे त्यांच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शंकरप्पा मात्र म्हणत, "गेली तशी येईल." रोज म्हणत, आणि रोज जरा हळू.

सुट्टीच्या दुपारी लेक भुवनेश्वरी लॅपटॉप लावून बसली होती.

"काय बघतीस?"

"जपानी पिक्चर. प्रेमाचा."

"हे कार्टून की. रंगवलेल्या चित्रांचं कसलं आलंय प्रेम?"

"अप्पा, मग तुम्ही जन्मभर काय रंगवलं?"

ते हसले. पाण्याला किती निळे लावलेत, तेवढं बघून उठू म्हणून टेकले.

खाडीच्या दोन काठांवर दोन घरं होती. एकात मुलगा, एकात मुलगी; मधे जुनं भांडण. संध्याकाळ झाली की दोघंही आपापल्या खिडकीत दिवा ठेवत, दुसऱ्यानं यावं म्हणून. दोन्ही दिव्यांचा उजेड पाण्यावर लांबत जाई आणि मधेच विरे. शंकरप्पांनी अकरा निळे मोजले. चादरीला त्यांना दोनच मिळत. बाराव्यापाशी ते मोजायचं विसरले. पडद्यावर बर्फ पाण्यात पडत होता, आवाज न करता. इकडे त्यांच्या चहावर साय धरली.

"होडी तर दारातच बांधलेली हाय," ते एकदम म्हणाले. "जा की लेका."

भुवनेश्वरीनं पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडं बघितलं.

मुलगा गेला, पण फार वर्षांनी. पलीकडच्या खिडकीत दिवा होता, विझलेला, काजळीनं काळा झालेला. घरात कुणी नव्हतं.

शंकरप्पांनी बाहीनं डोळे पुसले. "खालची अक्षरं लई बारीक हायेत. ताण येतो."

"व्हय अप्पा."

दुसऱ्या दिवशी ते अक्कलकोटच्या पहिल्या गाडीत होते. मेव्हण्याचं नवं घर दिसेपर्यंत ती काळी खिडकी त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नाही.

नागम्मा ओट्यावर शेंगा फोडत होती. वर न बघता म्हणाली, "चहाला आलात का न्यायला?"

"न्यायला."

"मग बसा. पिशवी भरून दहा दिवस झाले."

परतताना गाडीत त्यांनी तिला सगळी गोष्ट सांगितली. दिवे, पाणी, बर्फ. ओळखीच्या कुणाची सांगावी तशी.

"भेटले का शेवटी?"

"भेटले," शंकरप्पा म्हणाले.

नागम्मानं तोंडाला पदर लावला. "भुवीनं फोनवर सांगितलंय सगळं. लई रडलात म्हणे."

ते खिडकीकडे वळले. ज्वारीच्या रानांवर आभाळ लांबवर पसरलं होतं. एक, दोन, तीन... ते निळे मोजू लागले. तेवढ्यात वाऱ्यानं नागम्माचा पदर उडून मधे आला, आणि मोजणी पुन्हा चुकली.