पट्टी न फाडलेला अंक

आमचा अंक आम्ही घरीच छापायचो. दोन कवी, एक टायपिस्ट मैत्रीण आणि चित्रं काढणारी मी, एवढाच आमचा संसार. कविता थेट मैत्रिणीकडे जायच्या. ती स्टेन्सिल कापायची आणि सायक्लोस्टाइलवर चाळीस प्रती निघायच्या. कोरा कागद परवडत नसे, म्हणून ती तिच्या सरकारी कचेरीतले एका बाजूने छापलेले रद्दी कागद आणायची. मागच्या कोऱ्या बाजूवर आमच्या कविता. पुढच्या बाजूला काय आहे हे आम्ही कधी बघितलंच नाही. शेवटी प्रत्येक अंकाला मी मी लिनोलियमवर कोरलेल्या ठशाची कागदी पट्टी डकवायची. ती फाडल्याशिवाय अंक उघडत नसे.

एक अंक वाटून दहाएक दिवस झाले असतील. भर दुपारी मैत्रीण दारात उभी, चेहरा पांढराफटक.

"बदल्यांची यादी गेली वं आपल्या अंकात! अजून जाहीर नाही झाली. रद्दी समजून मी तोच गठ्ठा आणला. साहेब शोधून राहिले."

तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, दोन भाऊ शाळेत. घरात कमावणारी ती एकटी. एका जरी वाचकाने पान उलटून कचेरीतल्या कोणाला सांगितलं असतं, तर खेळ खलास.

तिने रजा टाकली. दोन दिवस आम्ही सायकली दामटत घरोघर फिरलो. "छपाईत चूक राहिली, अंक परत द्या," एवढंच सांगायचं. पहिलं घर धरमपेठेतल्या एका प्राध्यापकांचं. 'तुमचा अंक म्हणजे आग आहे, आग!' असं हेच मला परवा टपरीवर चारचौघांत म्हणाले होते. त्यांनी कपाटातून अंक काढून दिला. पट्टी जशीच्या तशी! मैत्रिणीने तो छातीशी धरला. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. म्हणतात कसे, "संग्रही ठेवला होता."

इतवारीतले कापडवाले काव्यप्रेमी: पट्टी शाबूत. दोनदा वाचला म्हणणारे समीक्षक: पट्टी शाबूत. अरे, जनाची नाही तर मनाची तरी! आमच्याच एका कवीने तर कहर केला. त्याचाही अंक बंद. मी भडकले, तर म्हणतो, "माझी कविता त मले पाठच आहे वं, उघडून काय करू?" प्रत्येक बंद अंकावर मैत्रीण देवाला हात जोडत होती आणि मला रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या खोलीत तिने गठ्ठा मोजला. एकोणचाळीस. फाटलेली पट्टी एकच, तिच्या स्वतःच्या अंकाची. "टिकली वं नोकरी!" म्हणून ती हमसून हमसून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "आता तुझा दे."

मी फळीवरून माझा अंक काढला. हातात घेतल्यावर मला कळलं. पट्टी शाबूत.

त्या अंकात तिची पहिलीवहिली कविता होती. वाचून मला झोप आली नाही, असं मी तिला तोंडावर सांगितलं होतं.

तिने पट्टीवरून बोट फिरवलं.

"तुले पण वेळ नाही भेटला वं?"