तांदळाच्या पिपातला सर्व्हर

माझी बाराखडी पत्रकांवर झाली. बाबा शिरोड्यात शिवणकाम करायचे आणि उरलेल्या वेळात सरकारला जाब विचारायचे: बंद पडलेली शाळा, वाळूचा उपसा, विहिरींत शिरलेलं खारं पाणी. त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. म्हणून वाळवीने दोन गठ्ठे फस्त केले तेव्हा मी हादरले. उरलेली सगळी पत्रकं स्कॅन केली, आणि वाळवी घरभर पसरू नये म्हणून बाबांनी ते कागद न्हाणीच्या चुलीत घातले. आता त्यांची चाळीस वर्षं फक्त माझ्या संगणकात होती.

"एक प्रत कुठल्यातरी कंपनीच्या क्लाउडवर ठेव," मैत्रीण म्हणाली.

कंपनीच्या! ज्या माणसाने जन्मभर कंपन्यांविरुद्ध लिहिलं, त्याचे कागद कंपनीच्या माळ्यावर? मी माझ्या त्याच जुन्या संगणकाचा सर्व्हर केला. दुसरा, डब्याएवढा, वैभववाडीला आत्येकडे नेऊन लावला. आता मीही पत्रकं लिहू लागले होते; इथे जे नवं येईल ते रोज दुपारी दोनला आपोआप तिथे जाणार.

"ह्येका खाऊक काय घालूचा लागता?" आत्येने विचारलं.

"काय नाय. फक्त वीज."

"आणि ह्या करता काय?"

"दोन वाजता बाबांची पत्रकं हय येतली."

"दोनाक मी निजतंय. तेका सांग, हाक मारूक नको."

सुरुवातीला रोज "बॅकअप झाला" असा संदेश मोबाइलवर यायचा. चार दिवसांत मी तो बंद केला. कार्यकर्त्याने केलेल्या कामाची शेखी मिरवू नये, असं बाबांनी एका पत्रकात लिहिलं होतं. ते मी यंत्रालाही लावलं. त्याच फटक्यात "बॅकअप झाला नाही" हा संदेशही बंद झाला. त्याला मी शिस्त म्हणत होते.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला. ढग गडगडले तसे बाबा म्हणाले, "बाये, वायर काड."

"बाबा, सर्व्हर हा. सर्व्हर कधी बंद करूचो नसता."

मागच्या माडावर वीज पडली. माडाची शेंडी जळली आणि तसाच वास सर्व्हरमधून आला.

बाबा शिलाई मशीनवर जाऊन बसले, पाय न हलवता. मी आत्येला फोन लावला.

"आत्ये, मशीन चालू आसा मां?"

"चालू? इजा चमकतत आणि तू माका चालू इचारतंस? पयल्या गडगडाटाकच काडून ठेवलंय."

"कधी?"

"घटस्थापनेच्या दुसऱ्या दिसाक."

तीन आठवडे! "खंय ठेवलंस?"

"तांदळाच्या पिपात. भायर दमट हवा, लोखंडाक गंज धरता. पापडाचो डबो पण थयच आसा. तो काय बिघडलो नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडून वैभववाडी गाठली. आत्येने पिपात कोपरापर्यंत हात घालून सर्व्हर बाहेर काढला, पदराने पुसला आणि ओंजळभर तांदूळ परत आत टाकले. वायर लावली. दिवा लागला. मोबाइलवर पहिलंच पत्रक उघडलं: शाळेचं, बाबांच्या तिरक्या अक्षरातलं. मग दुसरं, तिसरं. मी तिथेच बसकण मारली आणि बाबांना फोन केला.

"माजी सगळी आसत?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"सगळी. फकत मागच्या तीन आठवड्यांतली गेली."

पलीकडून मग शिलाई मशीनचा आवाज ऐकू आला.

"मगे गेली ती कोणाची?"

"माजी. घटस्थापनेनंतर लिहिलेली. अकरा."

"अकरा?" मशीन थांबलं. "परत लिही, बाये. ह्या खेपेक वायच आखूड."