वन पॉइंट फोरची लेन्स आणि आजींचे डोळे

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. हा पराक्रम सांगताना मला स्वतःलाच मध्ये थांबावं लागतं!

नव्व्याण्णव साल असेल. तासगावात माझा फोटो स्टुडिओ होता आणि माझ्याकडे वन पॉइंट फोरची लेन्स होती. म्हणजे काय? म्हणजे तोंड एवढं मोठं, की अंधाऱ्या खोलीतूनही उजेड ओढून आणणार! साताऱ्यापासून सांगलीपर्यंत अशी लेन्स दुसऱ्या कुणाकडे नाही, असं मी सांगायचो. तपासायला कोण जातंय? पासपोर्ट फोटोला आलेल्या माणसाला मी आधी लेन्स दाखवायचो, खुर्ची नंतर.

माझा शाळेतला दोस्त अनिल पुण्यात इंजिनिअर. त्याची धाकटी बहीण सुजाता डॉक्टर झाली. त्यांच्या वस्तीतली पहिली डॉक्टर! समाजमंदिरात सत्कार ठरला. आदल्या दिवशी अनिल आला, तो कंपनीचा डिजिटल कॅमेरा घेऊनच. रोल नाही, धुणं नाही, फोटो थेट लॅपटॉपवर!

"तुजी लेन्स बसती बघ ह्याला," अनिल म्हणाला.

मग काय! लेन्स चढवली, तिचं तोंड पूर्ण उघडलं आणि स्टुडिओच्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला. लॅपटॉपवर बघतो तर चारही कोपरे काळवंडलेले. मधला उजेडसुद्धा मिणमिणता. माझ्या लेन्सचा? वन पॉइंट फोरचा?

"लेन्सचा दोष न्हाई गड्या," अनिल म्हणाला. "आत रोलच्या जागी सेन्सर हाय न्हवं, त्याचं असं असतंय..."

तेवढ्यात त्याला खुर्च्या आणायला बोलावणं आलं. तो गेला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. दोष नाही म्हणतोय म्हणजे नक्की आहे! मला वाईट वाटू नये म्हणून बोलतोय बिचारा. आत बुरशी धरली असणार.

शहाणा माणूस दोस्त परत येईपर्यंत थांबला असता. मी बारका स्क्रू ड्रायव्हर घेतला.

टॉवेलवर एकेक काच मांडली. बुरशी? औषधालासुद्धा नाही! पुसून परत बसवायला घेतल्या. एक काच मात्र दोन्ही बाजूंनी सारखीच दिसायला लागली. वरची बाजू कुठली? बराच विचार केला आणि शेवटी छापा-काटा केला. हसू नका! तुमच्या हातात असती तर तुम्ही काय केलं असतं?

सत्काराच्या दिवशी अनिलनं पिशवीतून कॅमेरा काढला.

"ठेव त्यो आत," मी म्हणालो. "मी असताना घरच्या माणसानं फोटो काढायचा न्हाई."

"फ्लॅश तरी लाव की रं."

"फ्लॅश? ह्या लेन्सला?"

माझा नेहमीचा रोलचा कॅमेरा, त्यावर ती लेन्स, आणि मी. सुजाताच्या गळ्यात हार पडला. तिच्या आजींनी नव्या लुगड्याच्या पदरानं तिचं तोंड पुसलं, कानशिलावर बोटं मोडली. कॅमेऱ्यातून सगळं अंधूक दिसत होतं. पण हिच्या दहावीच्या फॉर्मचा फोटो मीच काढला होता हो! मला वाटलं, अभिमानानं माझेच डोळे भरून आलेत. दाबलं बटण, छत्तीस वेळा.

दोन दिवसांत सुजाता शिराळ्याला नोकरीवर रुजू झाली, अनिल पुण्याला गेला, आणि मी रोल धुतला. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत महाबळेश्वरचं धुकं! डॉक्टरीण कुठली, हार कुठला, काही कळेना.

अनिलला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, "लेन्स खोललीस?"

मी बारका स्क्रू ड्रायव्हर हळूच खणात सारला.

"आरं, फिल्म म्हंजी अंगण. ऊन सरळ येऊ दे न्हाईतर तिरकं, अंगणात पडतंयच. सेन्सर म्हंजी विहिरींच्या रांगा. डोक्यावरचं ऊन तळाला जातंय, तिरकं ऊन भिंतीलाच अडतंय. तुजी लेन्स मोठ्या तोंडाची, तिच्या कडंचा उजेड लय तिरका येतोय. लेन्स झकास हुती!"

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"सांगतच हुतो की! तू थांबलास व्हय?"

फोन ठेवला तर दारात आजी. दोनच महिन्यांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, पदरानं पुसला.

"आरं लेकरा, समदी धुक्यात का दिसत्यात?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण वन पॉइंट फोरवाल्याची जीभ वळेल तर ना!

"फोटो झ्याक आलेत आजी. तुमीच एकदा डोळं दावून या."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. फोटो कमरेला खोचून निघून गेल्या. मी बोललो ते बोललो, पण मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

चौथ्या दिवशी आजी परत हजर.

"सांगलीला जाऊन आले," त्या म्हणाल्या. "डाक्टरनं बारीक अक्षरं वाचाय लावली. नातीनं शिकवलंय मला. पार शेवटच्या वळीपातुर वाचली."

"मग?" मी विचारलं.

"मग त्येला तुजा फोटो दावला."

आजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"म्हणला, आजी, तुमचं डोळं ठणठणीत हायत. फोटो काढणाऱ्याला घिऊन या! चल ऊठ, येष्टी उभी हाय."