वनिताची नऊ पानं

आठ वर्षं झाली, हे माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नाही. घरी नाही, मित्रांत नाही. लिहिणारा माणूस असून कुठं लिहिलंही नाही — आणि मी तर, तुम्हाला म्हणून सांगतो, किराण्याच्या यादीतसुद्धा दोन विशेषणं जास्तीची घालणारा माणूस. आज सांगतो आहे ते काही हिंमत आली म्हणून नाही. लपवून ठेवायचा थकवा आला आहे.

पण एकदम नाही सांगता येणार. थोडं इकडचं तिकडचं सांगू द्या.

मी पांढुर्ण्याचा. शाळेत मराठी शिकवण्यात उमर गेली. एक कथासंग्रह माझ्या नावावर आहे, त्याच्या उरलेल्या प्रती आमच्या दिवाणाखाली आहेत आणि बायको दर दिवाळीला त्या झटकून परत तिथंच ठेवते. आमच्या भागात मराठीतून गोष्टी लिहिणं हा एक चमत्कारिक उद्योग आहे. नागपूरचे लोक आम्हाला एमपीवाले म्हणतात, भोपाळचे लोक मराठीवाले म्हणतात. मधल्या मधे आम्ही सात-आठ जण, एकमेकांना धरून, एकमेकांच्या गोष्टी ऐकून दिवस काढतो.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही सौंसरला जमतो. दिवाकररावांचं बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत. रविवारी दुकान बंद असतं. पोत्यांवर सतरंजी टाकून बसायचं. फवारणीच्या औषधांचा वास असा, की नवा माणूस पहिली गोष्ट संपेपर्यंत शिंकतो आणि दुसरीपर्यंत सरावतो. चहा दिवाकररावांच्या घरून थर्मासमध्ये येतो. दिवाकरराव स्वतः विनोदी लिहितात, आणि स्वतःच्या गोष्टीला सगळ्यात आधी हसतात.

आमचा एक नियम आहे. तो नीट ऐकून घ्या, कारण जे झालं ते त्या नियमातूनच झालं. लिहिणाऱ्यानं आपली गोष्ट स्वतः वाचायची नाही. ती दुसऱ्यानं वाचायची. झेरॉक्स दोन दिवस आधी वाचणाऱ्याकडे पोचवायची, मूळ पानं लिहिणाऱ्यानं मांडीवर घ्यायची, आणि हातात पेन्सिल. वाचणारा जिथं अडखळेल तिथं गुपचूप एक टिंब द्यायचं. घरी जाऊन टिंबं पाहायची. जीभ जिथं अडखळते तिथं गोष्टीत काहीतरी कच्चं आहे, असा आमचा विश्वास. चर्चेत लोक भिडेखातर गोड बोलतात, पण जीभ खोटं बोलत नाही — हे वाक्य माझं. नियमही मीच केला होता.

आणि वाचायचो मी. बाकीच्यांचा आवाज पोत्यांत विरून जायचा. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला. लोक म्हणायचे, सरांनी वाचली की साधी गोष्टही उभी राहते. मला ते आवडायचं. कोणाला आवडणार नाही?

वनिता आमच्यात आली ती बोरगावहून. अंगणवाडीत काम करते, घरची संत्र्याची बाग आहे. पहिल्या दोन बैठकांना नुसती ऐकत बसली. मग एक गोष्ट आणली, बरी होती. दुसरी आणली, तीही बरी होती. मी त्या दोन्ही जीव लावून वाचल्या, हेही सांगून ठेवतो. बऱ्या गोष्टी मी नेहमीच जीव लावून वाचत आलो. बऱ्या गोष्टीचं माझ्याशी काय भांडण असणार?

तिसरी गोष्ट नऊ पानांची होती.

ती पानं मी पांढुर्ण्याला आमच्या घरी, दुपारी जेवून उठल्यावर वाचली. दोन जावा आहेत. वाटणी झाल्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत. तोडणीच्या दिवसांत दोघी एकाच शेडमध्ये, संत्र्याच्या एकाच ढिगाच्या दोन बाजूंना बसून फळं निवडतात. चांगली एकीकडे, बारकी आणि डागी एकीकडे. दिवसभर काहीच घडत नाही. ढीग उतरत जातो आणि एकीला दुसरीचे आधी ढिगावर आलेले हात दिसतात, मग डोक्यावरचा पदर, मग तोंड. शेवटच्या पानावर धाकटी म्हणते, "पाणी हाये का?" मोठी तांब्या सरकवते. संपली गोष्ट.

त्यात एकही वाक्य रडत नव्हतं. जावा बोलत का नाहीत, हे वनितानं सांगितलंच नव्हतं. मधेच एका ओळीवर फक्त एवढंच होतं — मग दोघी बसल्या. त्यानंतर रिकामी ओळ. मी त्या रिकाम्या ओळीपाशी किती वेळ थांबलो होतो, मला माहीत नाही. चाळीस वर्षं मी जे लिहू पाहत होतो ते हे होतं, आणि ते तिला तिसऱ्या खेपेला आलं होतं. आनंद झाला का? झाला असेल, दोन मिनिटं. मग त्याच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं. त्याला मत्सर म्हणतात, मुलांना मी हा शब्द वाक्यात उपयोग करायला द्यायचो.

तुम्हाला वाटेल, मी गोष्ट चोरली. नाही. बैठकीत तिला नावं ठेवली? तेही नाही. बैठकीत मी चांगलंच बोललो. मग काय केलं?

मी ती वाईट वाचली.

ठरवून गेलो होतो का? बसमध्ये मी स्वतःला सांगत होतो की आज घसा बरा नाही. घसा ठणठणीत होता. पहिली दोन पानं मी नीट वाचली — संशय नको म्हणून. मग हळूच घाई सुरू केली. जिथं थांबायचं तिथं थांबलो नाही, जिथं थांबायचं नव्हतं तिथं खाकरलो. सरळ वाक्यावर मागं येऊन तेच वाक्य पुन्हा वाचलं, जणू ते तोंडात बसत नाही. "मग दोघी बसल्या" हे मी पुढच्या वाक्याला जोडून टाकलं, त्यामुळे ती रिकामी ओळ खोलीत कोणाला ऐकूच आली नाही. आणि शेवटी, "पाणी हाये का" या शब्दांवर — मी पान उलटलं. उलटायला पान नव्हतं. ते शेवटचंच होतं. मी तरी कागदाचा आवाज केला.

एका गोष्टीचा जीव केवढ्याशा जागेत घेता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. एक खाकरणं, एक कागद.

वनिता माझ्या समोर भिंतीला टेकून बसली होती. मूळ पानं मांडीवर, हातात पेन्सिल. मी खाकरलो की ती टिंब द्यायची. मी मागं आलो की टिंब. मी वाचता वाचता तिची पेन्सिल पाहत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण इथं कोणी असं समजेल की एकदा भरकटलो आणि पुढे सावरता आलं नाही. सावरता येत होतं. प्रत्येक टिंबाच्या आधी सावरता येत होतं.

गोष्ट संपल्यावर सगळे थर्मासकडे वळले. चांगल्या गोष्टीनंतर चहाची आठवण इतक्या लवकर होत नाही. मग दिवाकरराव चहा ओतता ओतता म्हणाले, "विषय चांगला हाये वनिताताई, पण थोडी सपाट वाटून राहिली." बाकीच्यांनी मान हलवली. त्यांची काय चूक? त्यांनी जी ऐकली ती गोष्ट सपाटच होती. मग मी बोललो. मी म्हणालो, गोष्टीत ताकद आहे, फक्त वाचकाला जरा हात धरून न्यायला हवं, त्या जावांचं काय बिनसलं ते थोडं खुलवा. ती सगळं वहीत उतरवून घेत होती.

दोन महिन्यांनी तिनं गोष्ट बदलून आणली. आता ती एकवीस पानांची झाली होती. जिथं जिथं टिंब होतं, तिथं तिथं तिनं भर घातली होती. वाटणी कशी झाली, सासू काय म्हणाली, कोणाची बांगडी कुठं गेली. रिकामी ओळ गेली होती. शेवटी दोघी जावा गळ्यात पडून रडत होत्या. ही गोष्ट मी फार सुंदर वाचली. खोलीत दोघा-तिघांनी डोळे पुसले. आणि मी तिला म्हणालो — आता जमली.

हे दुसरं खोटं. कधी कधी वाटतं, पहिल्यापेक्षा हेच मोठं.

तिनं ती नागपूरच्या एका दिवाळी अंकाला पाठवली. परत आली. आणखी एकाला पाठवली, तिकडून उत्तरच आलं नाही. पुढे तिनं दोन गोष्टी लिहिल्या, दोन्हीत माणसं सारखी बोलत होती, रडत होती, समजावून सांगत होती. मग तिनं लिहिणं बंद केलं. एकदा कोणीतरी विचारलं तर म्हणाली, मला ऐकायला आवडतं, लिहिणं आपलं काम नाही. हसत म्हणाली. पहिल्या नऊ पानांचं काय केलं, असं मी जरा आडून विचारलं होतं. तिनं ती फाडून टाकली होती. घरात उगीच कागद कशाला, म्हणे.

लिहिणं सोडलं, पण येणं सोडलं नाही. कोणाची गोष्ट कुठं छापून आली की सगळ्यात आधी तिचा फोन. दिवाकररावांना ऑपरेशननंतर वर्षभर काही सुचत नव्हतं, तेव्हा ही दर बैठकीला त्यांना विचारायची की तुमच्या गोष्टीतल्या त्या भोंदू डॉक्टरचं पुढं काय झालं. विचारून विचारून तिनं त्यांच्याकडून गोष्ट पुरी करवून घेतली. नव्या मुलींना घेऊन येते. आम्ही एकमेकांना धरून आहोत असं मी वर म्हणालो ना — खरं म्हणजे ती आम्हाला धरून आहे.

दोन वर्षांपूर्वी माझा आवाज गेला. गेला म्हणजे उरला आहे, पण दोन पानांनंतर घोगरा होऊन तुटतो. डॉक्टर म्हणाले, शिकवण्यातच झिजला. शिक्षा वगैरे काही मी मानत नाही. तेव्हापासून वाचायचं काम वनिताकडे आहे.

मागच्या महिन्यात पाळी माझी होती. गोष्ट वाईट होती. हे विनयानं म्हणत नाही. आता मला कळतं. निवृत्त कारकून, रेल्वे फाटक, जुनी आठवण — हात चालू राहावा म्हणून पाडलेली. मी पेन्सिल घेऊन बसलो. वनिता वाचू लागली आणि मी ऐकत राहिलो. मी न लिहिलेल्या जागी ती थांबत होती. माझी लांबट वाक्यं ती मधून अशी उचलत होती की त्यांचं ओझंच वाटू नये. फाटकाजवळचा तो रडका उतारा तिनं इतक्या साध्या आवाजात वाचला की तो खरा वाटला. मला स्वतःला खरा वाटला. चर्चेत सगळे भरभरून बोलले. माझ्या पानांवर एकही टिंब नव्हतं.

बसस्टँडपर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "सर, राग नका मानू. थो फाटकाचा भाग जरासा कच्चा होता. मी सांभाळून घेतलं. घरी एक बार पाहून घेजा."

मी म्हणालो, पाहतो. मग म्हणालो, तू फार चांगलं वाचतेस.

"तुमच्यापासूनच तं शिकली," ती म्हणाली. "माह्या गोष्टी तुमी केवढा जीव लावून वाचत होते. मलेच लिहिता नाही आलं, थे गोष्ट वेगळी."

त्या वेळी सांगायचं होतं. समोर ती होती, मी होतो, बस लागायला वेळ होता. मी पिशवीत सुटे पैसे शोधू लागलो. तिची बस आली, तिनं खिडकीतून हात केला, मीही केला.

तुम्ही विचाराल, तिला माहीत असेल का? हा प्रश्न मी महिनाभर चघळतो आहे, आणि आता वाटतं की तो विचारणंही माझी एक पळवाट आहे. तिला माहीत असो, नसो. मला माहीत आहे.

ही पानं मी रविवारच्या बैठकीसाठी लिहिलेली नाहीत. तिला ती सगळ्यांपुढं वाचायला लावणं मला जमणार नाही, तेवढा तरी निर्लज्जपणा नको. उद्या सकाळच्या बसनं मी बोरगावला जाणार आहे आणि ती तिच्या हातात देणार आहे. वाचेल, अर्ध्यावर ठेवेल, चुलीत घालेल. दिवाकररावांना दाखवेल. तो तिचा प्रश्न.

या पानांच्या खाली तिच्या गोष्टीची झेरॉक्स लावली आहे. नियमाप्रमाणे ती वाचणाऱ्याकडे राहते, म्हणून माझ्याकडे राहिली. आठ वर्षं कपाटात, प्लास्टिकच्या फाइलमध्ये. काही ठिकाणी शाई फाइलला चिकटून अक्षरं फिकी झाली आहेत, पण लागतात. नऊच्या नऊ पानं आहेत, ती रिकामी ओळही आहे. त्यांवर टिंब एकही नाही.