तो सूट, ती सूट

माझ्याकडे सूट एकच आहे. काळा. मुलीच्या लग्नाला शिवला आणि बायकोच्या अंत्यविधीला घातला. मधली सगळी वर्षं कपाटात लटकत होता. अंत्यविधीनंतर ड्रायक्लीनिंगला टाकला आणि आणायला गेलोच नाही. पावती फ्रिजवर मॅग्नेटखाली होती. रोज दूध काढताना दिसायची, रोज मी तिच्याकडे काणाडोळा करायचो.

सातवी पास माणूस मी, लिहायची सवय नाही. पण त्या उन्हाळ्यात मला इतक्या लोकांनी हात दिला, की ते कुठंतरी लिहून ठेवल्याशिवाय बरं वाटेना.

या देशात मी बायकोच्या मागं आलो. ती नर्स. तिला इथल्या हॉस्पिटलनं बोलावलं होतं, मला कोणी बोलावलं नव्हतं. गावातले म्हणाले, बायकोचा पदर धरून विलायतेला चालला. खरंच होतं, लाज कसली? तिनंच खटपट करून मला तिथं पोर्टर म्हणून लावलं. पेशंटच्या ट्रॉल्या ढकलायच्या, लिफ्टनं वर न्यायच्या, खाली आणायच्या. रिटायर होईपर्यंत ढकलल्या. कधी कॉरिडॉरमध्ये ती समोरून यायची आणि डॉक्टरांच्या देखत मराठीत म्हणायची, "अहो, शर्ट आत खोचा."

घर घेतलं स्टॅनमोरला, कॉमनच्या काठाला. कॉमन म्हणजे सगळ्यांचं मोकळं रान, गवत आणि झुडपं. आमचं मागचं कुंपण संपलं की रान सुरू. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा ख्रिसमससाठी कुंडीतलं एक सूचीपर्णी झाड आणलं होतं. सण झाल्यावर फेकवेना, म्हणून बायकोनं ते स्वयंपाकघराच्या भिंतीलगत लावलं. ते वाढलं वाढलं आणि छपराच्या वर गेलं. ती म्हणायची, "हा आपला थोरला. खातो, पितो, काम काडीचं नाही."

ती गेली. महिन्याभरात कौन्सिलकडून कागद आला. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपली घरपट्टी. घरात एकच मोठं माणूस राहत असेल तर तिच्यात पाव भाग सूट मिळते. दानत चांगली आहे, मी नाव ठेवत नाही. पण खाली सही मागितली होती, की या घरात माझ्याशिवाय दुसरं कोणी मोठं माणूस राहत नाही. पेन घेऊन बसलो. ओट्यावर तिची परात, दारामागं तिचा स्वेटर. म्हटलं, कोण म्हणतो राहत नाही? कागद ड्रॉवरमध्ये कोंबला आणि पूर्ण घरपट्टी भरत राहिलो. दोन वर्षं. मूर्खपणा म्हणा. मला ते घर तिच्यासकट हवं होतं, आणि सही केली की ती गेली, असं डोक्यात बसलं होतं.

मग तो उन्हाळा आला. पाऊस नाहीच. कॉमनवरचं गवत पापडासारखं झालं, पाय टाकला की मोडायचं. एका दुपारी जेवून पडलो होतो, तर धुराचा वास. मला वाटलं शेजारीण बार्बेक्यू करतेय. ही शेजारीण इथलीच गोरी बाई, माझ्याच वयाची, जन्मभर बस चालवलेली, आवाज अजून बसच्या टोकापर्यंत पोचेल असा. तीच ओरडली, "डार्लिंग! बाहेर ये! रान पेटलंय!" ही सगळ्यांनाच डार्लिंग म्हणते, पोस्टमनलासुद्धा. पहिल्यांदा मला म्हणाली तेव्हा बायको आठ दिवस हसत होती.

मागं बघतो तर कुंपणापलीकडं जाळाची रांग. वारा आमच्याच अंगावर. ठिणग्या घरावरून उडत होत्या, जणू कोणी सुपात निखारे पाखडतंय. मी आत पळालो आणि हाताला लागलं ते घेऊन बाहेर आलो. पासपोर्ट नाही, घराचे कागद नाहीत. परात. रस्त्यावर परात छातीशी धरून उभा राहिलो. शेजारीण स्वतःचं घर सोडून तिच्या बागेच्या नळीनं माझं झाड भिजवत होती. वळून म्हणाली, "ते काय आहे, ढाल?"

फायर ब्रिगेड आली. माझं कुंपण गेलं, शेड गेली, घर राहिलं. झाडाची एक बाजू करपली होती, पण पेटलं नाही, कारण ओलं होतं. त्या बाईचे उपकार मी कसे फेडू? मी तिला पोळीभाजी नेऊन दिली. पोळ्या करपलेल्या होत्या. बायको गेल्यावर शिकलोय, अजून जमत नाही. तिनं खाल्ल्या आणि म्हणाली, "आज मी पुष्कळ धूर खाल्लाय, अजून थोडा चालेल."

दोन दिवसांनी फायर ब्रिगेडची एक ऑफिसर घर बघायला आली. मुलीपेक्षा लहान वयाची, पण बोलायला स्वच्छ. फुकट येतात ही माणसं, वर विचारतात, तुम्ही बरे आहात ना? घराभोवती फिरली आणि बोट दाखवत गेली. पन्हाळीत झाडाच्या वाळक्या सुया साठल्यात, काढा. भिंतीलगत लाकडाचा भुसा पसरलाय, तिथं खडी टाका. छपराखालच्या भोकांना बारीक धातूची जाळी बसवा. "आग दार वाजवून येत नाही," ती म्हणाली, "ठिणगी येते, भोकातून. घर आतून पेटतं." मग झाडापाशी थांबली. "हे भिंतीला टेकलंय. हे तुमच्या घराला लावलेली काडी आहे. हे जायला हवं."

मी म्हटलं, "नाही."

ती वाद घालत बसली नाही. चहा घेतला. परातीकडे बघून विचारलं, ही कशासाठी? सांगितलं. जाताना म्हणाली, "घर राहिलं तर परात राहील."

रविवारी मुलगी आली. ती वॉटफर्डला राहते आणि टॅक्सच्या कामात आहे, लोकांचे कर कसे वाचवायचे ते सांगते. ऑफिसरनं लिहून दिलेली यादी वाचून म्हणाली, "बाबा, अमेरिकेत काही स्टेट्समध्ये असं काम केलं की टॅक्समधून वजा होतं. इथं काही नाही. थंडीसाठी इन्शुलेशन लावलं तर व्हॅट नाही. आगीसाठी जाळी लावली तर व्हॅट पूर्ण." मग कात्री शोधायला ड्रॉवर उघडला. बराच वेळ उघडाच ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये आमच्या गल्लीची मीटिंग होती, आगीबद्दल. त्या सकाळी मुलीचा फोन आला, ट्रेनमधून, अर्धं ऐकू येत होतं. तिचा जन्म इथला. मराठी बोलते, पण तो-ती-ते जिथं पडेल तिथं.

"बाबा, ऐका. तुमचा सूट दोन वर्षं पडून आहे. आई गेल्यापासून. तो घ्या ना आता."

माझी नजर फ्रिजकडे गेली.

"बाबा? तो तुमचा हक्काचा आहे. लाज नाही वाटायची त्यात. मीटिंगच्या आधी घेऊन टाका. प्रॉमिस?"

म्हटलं, पोरीनं फ्रिजवरची पावती बघितली. तिला कळलं बाप का जात नाही ते. बरोबर बोलतेय, मीटिंगला जरा नीट जावं. म्हटलं, "प्रॉमिस."

पावती घेतली आणि निघालो. ड्रायक्लीनरवाला आफ्रिकेतून आलेला गुजराती. पावतीवर छापलंय, तीन महिन्यांत न नेलेल्या कपड्यांची जबाबदारी आमची नाही. मी तयारी ठेवली होती, की म्हणेल, दिला कुणाला तरी. त्यानं पावती बघितली, मला बघितलं आणि आत गेला. प्लॅस्टिकमधला सूट घेऊन आला. "अंकल, दोनदा दुकान रंगवलं. दोन्ही वेळा हा घरी नेऊन ठेवला." मी म्हटलं, "का?" म्हणाला, "खिशात फूल होतं. क्रिमेशनचं. असा सूट फेकतात का?" ते वाळकं फूल त्यानं कागदी पाकिटात घालून हँगरला टाचलं होतं. मला त्याच्या दुकानात रडू आलं. तो शटरकडे बघत उभा राहिला. एवढं करून पैसे जुन्या भावानंच घेतले.

मुलीला मेसेज केला, "सूट घेतला." तिचा लगेच उलटा, "प्राउड ऑफ यू बाबा!!!"

संध्याकाळी ती हॉलच्या दारात भेटली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाबा, हे काय?"

"सूट. तूच म्हणालीस."

"मी... नाही, बाबा, सूट! कौन्सिलचा! डिस्काउंट!"

"मग ती म्हण ना! तो सूट अंगात घालायचा. ती सूट करात मिळते. एवढी वर्षं आईनं शिकवलं तुला..."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि माझ्या कोटाच्या बाहीला नाक पुसलं. नुकताच धुऊन आणलेला सूट. म्हणाली, "बाबा, मला तो कागद दिसला ड्रॉवरमध्ये. तुम्ही का नाही भरला, मला माहितीये. पण तेच पैसे घराला लावू. मागचेसुद्धा मिळतात, मी विचारलंय."

आत कौन्सिलर बसला होता. लोक कुंपणाबद्दल, कॉमनवरच्या गवताबद्दल बोलले. जाळी आणि खडी सांगितली तेव्हा कोणीतरी म्हणालं, खर्च कोण देणार? मी उठलो. माझं इंग्रजी पोर्टरचं, ट्रॉली ढकलण्यापुरतं. पण काळा सूट घातला की लोक ऐकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "माझी बायको मेली. तर तुम्ही मला पाव घरपट्टी माफ करता. थँक यू. आता तुमची बाई सांगते झाड काढ, जाळी लाव, म्हणजे घर जळणार नाही, शेजारणीचंही जळणार नाही. त्याला काही माफ नाही. माणूस मेलं की सूट, माणूस वाचवलं तर नाही. हे उलटं नाही का?"

मग शेजारीण बसच्या आवाजात म्हणाली, "बरोबर आहे, डार्लिंग!" आणि लोक हसले, टाळ्या वाजल्या. कौन्सिलर भला माणूस, म्हणाला, हे नियम आम्ही करत नाही, वर सरकारात होतात, पण हे वाक्य मी असंच्या असं वर पाठवतो. वहीत लिहून घेतलं. वर कोणी वाचलं का, मला माहीत नाही. त्यानं लिहून घेतलं, माझ्यासाठी तेवढं पुष्कळ.

घरी येऊन ड्रॉवर उघडला. मुलगी शेजारी बसली. 'दुसरं कोणी मोठं माणूस राहत नाही' या वाक्यापाशी आलो आणि पेन पुन्हा थांबलं. मुलगी म्हणाली, "बाबा, राहते आणि असते, सेम नाही ना?"

पहिल्यांदाच पोरीचं मराठी माझ्यापेक्षा बरोबर निघालं. सही केली.

पुढं कौन्सिलच्या बाईचा फोन आला. ती आधी म्हणाली, तुमच्या बायकोबद्दल वाईट वाटलं, आणि मग कामाचं बोलली. दोन वर्षांची सूट मागं धरून दिली. त्यातून पन्हाळी साफ झाली, खडी पडली, जाळ्या बसल्या. सरकारनं आगीसाठी काही दिलं नाही. दिलं ते बायकोनंच, जाऊन.

आणि झाड. खरं सांगायचं तर ते झाड तिला नकोच होतं. लावलं तिनं, पण शेवटची कितीतरी वर्षं ती म्हणत होती, "अहो, थोरल्याला तोडा आता, ओट्यावर अंधार पडतो." मी म्हणायचो, बघू पुढच्या वर्षी. ती गेल्यावर मात्र तिची आठवण म्हणून त्याला मिठी मारून बसलो. झाड वाचवून मी तिचंच म्हणणं मोडत होतो. हे मी कोणालाच बोललो नव्हतो, मुलीलासुद्धा नाही.

तोडणारे दोघं आले, दुपारपर्यंत सगळं घेऊन गेले. शेजारणीनं त्यांना चहा दिला, मला आत जाऊ दिलं.

स्वयंपाकघरात ऊन आलं होतं. थेट ओट्यावर, परातीत. दिवा न लावता मी कणीक मळली. तव्यावरची पोळी कडेनं काळी पडायला लागली, तशी ती मला वेळेत दिसली, आणि मी उलटली.