चकात राहिलेली चावी

"चावी! आरं चावी काढ! चकातली चावी काढ की, मुडद्या!"

मी शेडच्या दारातून ओरडत होतो, आणि ज्याच्या नावानं ओरडत होतो तो माझ्या लेथपुढं उभा राहून मोबाईलकडं बघत हसत होता. "मित्रांनो, मामांची एनर्जी बघा!" असं म्हणून त्यानं हिरवं बटण दाबलं.

लेथ ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. या मशीनला पुढं लोखंडी जबडा असतो, त्याला चक म्हणतात. त्यात लोखंडाचा तुकडा धरायचा, वीतभर चावीनं आवळायचा, चावी काढून बाजूला ठेवायची आणि मगच मशीन चालू करायचं. चावी चकातच राहिली तर गरगर फिरणाऱ्या जबड्यातून ती गोळीसारखी सुटते. आमच्या उद्यमनगरात हे मांजरांनासुद्धा माहीत आहे. चावी जागेवर आहे का बघूनच ती शेडमध्ये शिरतात.

तर ती सुटली. पुढं महिनाभर मी लोकांना सांगत होतो, की पत्रा फोडून ती वर गेली, जोतिबाच्या डोंगराला वळसा घातला, कबनूरला एका यंत्रमागावर उतरली आणि मागानं तिला धोतराच्या काठात विणून टाकलं. खरं एवढंच, की ती माझ्या भाचीच्या कानापासून वीतभर अंतरानं गेली आणि मागच्या पाण्याच्या पिंपात घुसली. पिंप फुटलं आणि सगळं पाणी त्या महापुरुषाच्या पांढऱ्या बुटांवरून वाहायला लागलं.

हा महापुरुष म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांचा एक फाउंडर. कसला फाउंडर, तर स्वतःचं स्वतः शिकण्याच्या चळवळीचा. कॉलेज म्हणजे पिंजरा, परीक्षा म्हणजे गुलामगिरी, मास्तर म्हणजे अडथळा. पोरांनी आपापल्या कुतूहलाच्या मागं जावं, असं तो मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ सांगायचा. दाढी अशी कोरलेली, की तेवढी अचूक जर मला कधी शाफ्ट कोरता आली असती तर आज माझा कारखाना चंद्रावर असता. पुण्याचं कॉलेज आपण दुसऱ्या वर्षाला सोडलं, असं तो छाती पुढं काढून सांगायचा. कॉलेजचं म्हणणं काय होतं, ते कुणी विचारलेलं नव्हतं. बापाचं फर्निचरचं तीन मजली दुकान होतं, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर, न खपलेल्या सोफ्यांवर बसून, हा जगाला सांगत होता की सुरक्षितता हा भ्रम आहे.

मी हसलो असतो आणि विसरलो असतो. पण माझी भाची त्याच्या नादी लागली.

ही माझ्या बहिणीची मुलगी, जयसिंगपूरची. दहावीनंतर पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला तिचा नंबर लागला होता. आमच्या खानदानात तोवर मशीनचा घाम सगळ्यांनी पुसला होता, मशीनचं शास्त्र कुणी शिकलं नव्हतं. ज्या दिवशी ती चावी उडाली, त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद घेऊन तिनं पॉलिटेक्निकच्या खिडकीवर हजर व्हायचं होतं. नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि पोरगी आठ दिवस माझ्या घरी येऊन एकच वाक्य घोकत बसली होती, "मी जाणार न्हाय."

बहिणीनं फोन करून मला सोलून काढलं. "तूच बिघडवलंयस तिला. तुझ्या गप्पा ऐकून मोठी झालीया ती."

यात खोट काढायला जागा नव्हती. मी दहावीवर थांबलेला माणूस, आणि ते थांबणं मी वीस वर्षं असं सांगत आलोय, की ऐकणाऱ्याला शिकलेल्याची कीव यावी. आयटीआयला नंबर लागला होता, पण प्रवेशाचा कागद मी सगळ्यांसमोर टराटरा फाडला, पंचगंगेत सोडला, आणि प्राचार्य "परत ये, बाळा" करत शिवाजी पुलापर्यंत माझ्या मागं पळत आले, ही माझी ठेवणीतली गोष्ट. डाव्या हाताच्या करंगळीचं अर्धं पेर नाही, ते त्याच पुलाखाली मगरीनं नेलं, ही दुसरी. भाची लहानपणी जेवायला बसली, की दोन्ही गोष्टी मागून घ्यायची.

तिनंच त्या फाउंडरला माझ्याबद्दल सांगितलं. तो आला, शेड बघितली आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "मामा, तुम्ही चालतंबोलतं विद्यापीठ आहात." आता मी त्या पोराला कितीही शिव्या घातल्या तरी हे कबूल करतो, की त्या वाक्यानं मी पाघळलो. घरी जाऊन आरशात विद्यापीठ कसं दिसतं तेही बघून आलो. त्याला म्हटलं, "आण तुझी पोरं. शेड तुझीच समज."

तो आठ पोरं घेऊन आला, भाची नववी. आल्या आल्या त्यानं नियम सांगितला. इथं कुणी कुणाला काही शिकवायचं नाही. प्रश्न पोरांच्या आतून उगवला पाहिजे. माझ्याकडं साठीला आलेले एक मिस्त्री आहेत. त्यांच्या हाताखालून इतके टर्नर गेलेत, की सगळे एका वेळी शिंकले तर उद्यमनगरातले पत्रे उडतील. त्यांच्याकडं नवा माणूस आला, की सहा महिने त्याला मशीनला बोट लावू देत नाहीत. नुसता लोखंडाचा भुसा झाडायचा आणि मशीनचा आवाज ऐकायचा. त्या मिस्त्रींना हा म्हणाला, "काका, तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तुमचं ज्ञान त्यांच्या शोधाच्या आड येतं."

मिस्त्रींनी तंबाखूचा बार भरला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. मी चहा सांगायला बाहेर गेलो. परत येतो तो हा स्वतःच लेथपुढं, तुकडा आवळलेला, चावी चकात, बोट बटणावर. पुढचं सांगितलंच.

मशीन मी बंद केलं. फुटक्या पिंपातून पाणी गळत होतं. भाची कानावर हात ठेवून भिंतीला टेकली होती. आणि तो गडी काय करतो? ओले बूट झटकतो, पोरांकडं वळतो आणि विचारतो, "तर मित्रांनो, यातून आपण काय शिकलो?"

मला वाटलं, आता ह्यालाच चकात धरावा.

आधी मिस्त्रींवर घसरलो. "दिसत हुतं की तुमाला! बोलला का न्हाई?"

मिस्त्रींनी शांतपणे बाहेर जाऊन तंबाखू थुंकली आणि आत आले. "बोलायचं न्हाय म्हणालं हुतं की पावणं."

फाउंडर तेवढ्यात सावरला होता. "चुकणं हीच शाळा आहे, मामा. तुम्हीही चुकूनच शिकलात ना? सांगा की मुलांना."

आठ पोरं माझ्याकडं बघायला लागली. भाचीही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं एवढे श्रोते होते आणि मला थाप सुचत नव्हती.

मी करंगळी वर केली. "ही मगरीनं न्हाय खाल्ली," म्हटलं. "सतरा वर्षांचा हुतो. फिरता जॉब, म्हंजे चकातला तुकडा, चिंधीनं पुसायला गेलो. चिंधी गेली, तिच्याबरोबर बोट गेलं. फिरत्या जॉबला चिंधी लावायची न्हाय हे सांगायला कुणी नव्हतं. स्वतःच शिकलो."

"मग पुलापतुर आलेलं प्राचार्य?" भाचीनं विचारलं.

"कुठलं प्राचार्य न् कुठलं काय! कागद भरायचा शेवटचा दिवस हुता, आनि मी पेठेची फुटबॉल मॅच बघत बसलेलो. पेनल्टीपतुर गेली. पळत गेलतो, तर कारकून खिडकीला कुलूप लावत हुता. पाया पडलो त्याच्या. न्हाई उघडली. मॅचबी हरलो."

फाउंडरनं मान हलवली. "वा मामा, किती व्हल्नरेबल, किती मनमोकळं! हे परत एकदा कॅमेऱ्यासमोर सांगाल?"

भाचीनं त्याच्याकडं बघितलं. कणकेत किडा दिसल्यावर बाई बघते तसं. मग कोपऱ्यातली आपली सॅक उचलली. "मामा, गाडी काढा. कागद घरात हायत."

त्या प्रवासाबद्दल मी सांगतो, की गाडी मी एका चाकावर नेली आणि सिग्नलचे पोलीस सलाम ठोकत बाजूला झाले. खरं म्हणजे घरी फाईल सापडायलाच अर्धा तास गेला. शाळा सोडल्याचा दाखला बहिणीनं तांदळाच्या डब्यात जपून ठेवायला सांगितला होता आणि माझ्या बायकोनं डबाच बदलला होता. खिडकीवर पोचलो तेव्हा पुढं सात माणसं. मी रांगेबाहेर उभा राहून आतल्या कारकुनाच्या हाताकडं बघत होतो. तो कुलपाकडं गेला असता तर मी खिडकीतून आत उडी घेतली असती, ही मात्र थाप नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना पोरीच्या हातात पावती पडली.

पंधरा दिवसांनी सकाळी तो परत आला, या वेळी घरी. बूट नवे, दाढी तीच. पिंपाचं विचारलं नाही, कानाचंही नाही. 'अपयशाचा उत्सव' नावाची कसली मालिका करत होता म्हणे. भाची त्या वेळी माझ्याकडंच राहायला होती आणि ड्रॉइंगच्या कागदाची गुंडाळी काखेत मारून बससाठी निघाली होती. हा दारात आडवा, मोबाईल तिच्या तोंडासमोर.

"ताई, एकच प्रश्न. मनापासून उत्तर दे. कॉलेजनं तुला असं काय दिलं, जे तू स्वतःच्या कुतूहलानं मिळवू शकली नसतीस?"

भाची म्हणाली, "साडेआठला हजेरी हाय. वाटंतनं सरका."